एक रेघ आणि छोटी सही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत. आपल्या हातून काहीही उणे राहता कामा नये, या अट्टाहासाने रोजचे जगणे कसे जड होते, हे तिघांनीही आपापल्या परीने लिहिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून नाशिकला एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. टापटीप आणि चोख काम ही माझी ओळख आहे आणि तिचा मला अभिमानही होता. परंतु शाखेतून मुख्य कार्यालयाला जाणारे साधे पत्रसुद्धा पाच-सहा वेळा वाचल्याशिवाय माझ्याने पाठवले जात नाही, त्यामुळे घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. यजमानांनी घडी केलेले कपडे मी त्यांची पाठ वळली की उलगडून पुन्हा घडी करते. मागच्या दिवाळीत माझे अनारसे हसले, म्हणजे तळताना तुटून पसरले. नव्याने तांदूळ भिजवून पीठ करण्याइतके दिवस उरले नव्हते, म्हणून रात्री साडेनऊला एका गृहउद्योगातून अनारसे आणले, आपल्या डब्यात रचले आणि पाहुण्यांना घरचे म्हणून वाढले. सर्वांनी तोंड भरून कौतुक केले, पण माझ्या घशाखाली एकही उतरला नाही. आता माझी सहावीतली मुलगी लिहिताना चूक झाली की वहीचे पानच फाडते. जूनमध्ये घेतलेल्या दोनशेपानी वहीत निम्मीही पाने उरलेली नाहीत. रागावले तर म्हणाली, “खाडाखोड दिसायला नको, असं तूच म्हणतेस ना?” यावर मला उत्तर देता आले नाही. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ती वही मला सर्वांत बोलकी वाटली, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. शिवणीच्या वहीचे पान एकटे नसते. शिवणीच्या पलीकडे त्याचे जोडपान असते. मुलगी पुढच्या भागातील एक चूक नाहीशी करण्यासाठी पान ओढून काढते तेव्हा मागच्या भागातील त्याचे जोडपानही सैल होते आणि आठवडाभरात गळून पडते. ते पान कोरे असेल किंवा सुंदर अक्षरात लिहिलेले असेल. त्याच्यावर चूक नव्हती, एवढे मात्र नक्की. अनारशांच्या बाबतीत तुमचेही असेच झाले. हसलेला घाणा दडवताना, तीन दिवस पाणी बदलत भिजवलेल्या तांदळाचे तुमचे कष्ट दडले आणि कौतुकाचा आनंदही गेला, कारण ते कौतुक तुमचे नव्हतेच.

टापटीप सोडा, असे मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी नीटनेटकेपणा आणि चुकांची धास्ती या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये परिपूर्णतेच्या ध्यासाचे मोजमाप करणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. चुकांविषयीची धास्ती, केलेल्या कामाविषयीची शंका, स्वतःसाठी ठरवलेली पातळी, आईवडिलांच्या अपेक्षा आणि त्यांची टीका असे तिचे निरनिराळे भाग आहेत. त्यात व्यवस्थितपणाचाही एक भाग आहे, परंतु इतर भागांशी त्याचे नाते इतके पातळ निघाले की एकूण गुण काढताना तो धरलाच जात नाही. तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातील ओळीने लावलेले डबे निर्दोष आहेत. आपली चूक कोणाच्या दृष्टीस पडली तर आपली किंमत उतरेल, या समजुतीने तुमचे रोजचे दोन तास खाल्ले आहेत.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील अभ्यासकांनी १९९१ मध्ये हाच ध्यास दिशांनुसार तीन प्रकारांत मांडला : स्वतःकडून निर्दोषपणाची मागणी, इतरांकडून तशी मागणी, आणि जग आपल्याकडून तशीच मागणी करते ही भावना. तुमच्या एका पत्रात तिन्ही प्रकार सापडतात, याची गंमत वाटली. सहा वेळा वाचलेले पत्र हा पहिला, यजमानांच्या घड्या हा दुसरा आणि गृहउद्योगातले अनारसे हा तिसरा. यांतील तिसरा सर्वांत त्रासदायक असतो, कारण समोरचा माणूस काय अपेक्षा करतो आहे हे आपण त्याला विचारलेलेच नसते. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी भरून दिलेली उत्तरे एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि तिसरा सर्वाधिक, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हे आकडे आपल्याकडचे नाहीत. तरी सहावीतल्या मुलीच्या दप्तरात फाटक्या कडांची वही दिसली की त्यांची आठवण होते.

मुलीला उत्तर देता आले नाही, असे तुम्ही लिहिता. पण ते उत्तर तुमच्या नोकरीतच आहे. हाताने लिहिल्या जाणाऱ्या खातेवहीत आकडा चुकला तर काय करायचे, हे तुम्हाला रुजू झाल्या दिवसापासून शिकवलेले असणार. आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर पांढरी शाई लावायची नाही, गिरवून दुसरा आकडा करायचा नाही आणि पान तर कधीच फाडायचे नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. त्याच्या वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी छोटी सही करायची. लेखापरीक्षकाला अशी रेघ दिसली तर तो पुढे जातो. फाटलेल्या पानाची खूण दिसली, तर मात्र तो खुर्ची ओढून बसतो. (धनादेशावर खाडाखोड चालत नाही, हे मला ठाऊक आहे, पण मुलीची वही म्हणजे धनादेश नव्हे.) एका संध्याकाळी तिला जवळ घेऊन ही रेघ आणि सही काढून दाखवा. आई एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिच्याही हातून आकडे चुकतात, हे तिला आजवर कोणी सांगितलेले नसावे. त्यानंतर घरात एकच नियम ठेवा : पान फाडायचे नाही, चुकले तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचे. ‘खाडाखोड दिसायला नको’ हे वाक्य तुमचेच असल्याने ते मागेही तुम्हीच घ्यायला हवे. “मी तसं म्हणायला नको होतं,” एवढे म्हटले तरी पुरे आहे. त्यावर व्याख्यान नको. वाण्याची यादी तिच्यासमोर शाईच्या पेनने लिहा आणि चुकलेला जिन्नस सरळ खोडा. मुले आपले सांगणे फारसे ऐकत नाहीत, परंतु आपण यादी कशी लिहितो हे बारकाईने पाहतात.

आता तुमच्या स्वतःच्या सवयीकडे वळू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी जी मराठी वाचकांपर्यंत आणली, तिच्यात इच्छा आणि हट्ट यांतील फरकावर सारा भर आहे. मराठीत हा फरक एका ‘च’ने आणि एका ‘पाहिजे’ने दाखवता येतो. ‘पत्र बिनचूक जावे’ ही इच्छा आहे. ‘पत्र बिनचूकच गेले पाहिजे’ हा हट्ट आहे. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हळहळतो, हट्ट पुरा झाला नाही तर स्वतःला नालायक ठरवतो. एलिस यांनी ही गोष्ट इतरांना सांगण्याआधी स्वतःवर अजमावली होती. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पती उद्यानात रोज जाऊन बसू लागले आणि महिनाभरात शंभर जणींशी बोलले. त्यांपैकी एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. परंतु शंभर वेळा नकार पचवूनही आकाश कोसळले नाही, हे त्यांना कळले आणि भीती गेली. (आजच्या काळात कोणी हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको.)

तुमचा प्रयोग यापेक्षा बराच सोपा आहे. एका छोट्या वहीत दोन रकाने आखा. डाव्या रकान्यात काम आणि तुमचे भाकीत लिहा, उदाहरणार्थ, ‘रजेच्या नोंदीचे पत्र दोनदाच वाचून पाठवले, चूक निघेल, साहेब नाराज होतील.’ उजवा रकाना आठ दिवस कोरा ठेवा आणि मग प्रत्यक्षात काय झाले तेच लिहा. कर्जमंजुरीचे आकडे आणि व्याजाचे हिशोब या प्रयोगातून वगळा. ते पूर्वीप्रमाणेच तपासा, कारण तिथे तपासणीला कारण आहे. यजमानांच्या घड्यांना एक आठवडा हात लावू नका. पहिले दोन दिवस कपाट उघडताना तुम्हाला अस्वस्थ वाटेल. ते वाटू द्या; कपाट बंद करा आणि चहा करा. अस्वस्थता आपोआप ओसरते, हा अनुभव घेण्यासाठीच तर हा उद्योग आहे आणि घडी मोडून पुन्हा घातली की नेमका तो अनुभव हुकतो. उजव्या रकान्यात एखाद्या वेळी ‘चूक निघाली’ असेही लिहावे लागेल. त्याखाली ती दुरुस्त करायला किती मिनिटे लागली, हे लिहायला विसरू नका. मी या सदराच्या पहिल्या लेखाचे मुद्रित चार वेळा तपासले होते आणि अंक हातात आला तेव्हा माझ्याच नावातली वेलांटी चुकलेली होती. त्याविषयी आजवर एकाही वाचकाचे पत्र आलेले नाही.

दिवाळीचा फराळ सगळाच घरी करायचा की नाही, हे आत्ताच ठरवा. तुम्हाला मनापासून करावेसे वाटतात ते दोन पदार्थ घरी करा, बाकीचे विकत आणा आणि विकत आणले आहेत असे सांगा. अनारसे करणार असाल आणि ते पुन्हा हसले, तर बशीत ठेवाच. त्यांचा चुरा दुधात घालून फार छान लागतो, हे तुमच्या घरच्या एखाद्या ज्येष्ठ बाईला नक्की माहीत असेल.

एक सूचना मात्र गंभीरपणे करते. कुलूप, गॅस किंवा हात धुणे यांची तपासणी वारंवार करावी लागून त्यात दिवसाचे तास जात असतील, झोप उडाली असेल, किंवा एखादी चूक झाल्यावर जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन रकान्यांची वही पुरेशी नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनाशुल्क बोलता येते.

प्रश्न : मी सांगलीचा निवृत्त शिक्षक आहे, वय ६८. नऊ वर्षांपासून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत आहे. गावोगावच्या भाऊबंदांना भेटलो, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या, सहाशेवर माणसांची नोंद झाली. परंतु इंदूरकडे गेलेल्या एका शाखेचा आणि कारवारकडच्या दुसऱ्या शाखेचा दुवा लागत नाही. अपुरा ग्रंथ छापणे मनाला पटत नाही. ज्यांनी छपाईसाठी आगाऊ पैसे दिले ते आता विचारतात, आणि मी फोन घ्यायचे टाळतो.

उत्तर : गुरुजी, कुलवृत्तांत पुरा होत नसतो. तो छापखान्यातून बाहेर येईपर्यंत घराण्यात एखादे बारसे होते, एखादे लग्न ठरते आणि शेवटची ओळ जुनी होते. पूर्णतेची वाट पाहायची असे ठरवले, तर घराण्यात मुले जन्माला येणे थांबण्याची वाट पाहावी लागेल, आणि ती इच्छा आपल्या मनात नक्कीच नसणार.

आपले दुःख दोन शाखांचे आहे, असे आपण लिहिता. मला मात्र आपण फोन घेत नाही या वाक्याची अधिक काळजी वाटली. परिपूर्णतेचा ध्यास पुष्कळदा बाहेरून आळसासारखा दिसतो, कारण काम जितके मनाजवळचे, तितकी ते अपुरे दिसण्याची भीती मोठी आणि तितके ते लांबणीवर पडते. या नऊ वर्षांत ज्यांच्या ओसरीवर बसून आपण नावे उतरवून घेतली, त्यांतले काही वृद्ध आता हयात नसतील. दोन शाखांचा दुवा लागावा म्हणून आपण थांबलात, तेवढ्यात काही वाचक गेले. हा हिशोब कठोर वाटेल, पण आपल्याला तो कोणीतरी दाखवायला हवा होता.

निर्णय कसे घेतले जातात याचा अभ्यास करणारे आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी ‘समाधान होणे’ आणि ‘पुरेसे असणे’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द सांधून ‘सॅटिस्फाइस’ हे क्रियापद १९५६ मध्ये वापरले. माणसाकडे वेळ आणि माहिती या दोन्ही गोष्टी मर्यादित असतात. म्हणून किती मिळाले म्हणजे पुरे, याची रेषा शोध सुरू करण्यापूर्वी आखावी आणि ती ओलांडली की थांबावे, असा त्याचा आशय आहे. आपण ती रेषा आखलीच नाही, म्हणून प्रत्येक नवे नाव आपल्याला आणखी एका नावाकडे ढकलत राहिले. आता ती आखा. येत्या पाडव्यापर्यंत हाती येईल तेवढे घ्यायचे, त्यानंतर मजकूर छापखान्यात द्यायचा, आणि पहिल्याच पानावर ‘या तिथीपर्यंत मिळालेली माहिती’ असे स्पष्ट छापायचे.

आपल्या ग्रंथव्यवहारात याची सोय फार पूर्वीपासून आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे, आणि त्यात पृष्ठ, ओळ, अशुद्ध व शुद्ध असे रकाने असत. आपण चुकलो आहोत हे लेखक स्वतः, खर्च करून, छापून सांगत असे, आणि त्यामुळे त्या पुस्तकांचा मान कमी झाल्याचे मला तरी दिसलेले नाही. हिशोबाच्या कागदाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहून सावकारसुद्धा हिशोब पुरा करत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड एकामागून एक प्रसिद्ध केले. सगळी दप्तरे हाती येईपर्यंत थांबायचे असे त्यांनी ठरवले असते, तर पहिला खंडही निघाला नसता.

इंदूर आणि कारवारच्या शाखांसाठी प्रत्येकी दोन पाने शीर्षकासह कोरी ठेवा. पुस्तक हातोहात फिरू लागले की ती कोरी पाने आपल्यापेक्षा अधिक वेगाने शोध घेतील; आपल्या आजोबांचे नाव छापलेले नाही हे पाहून पत्र लिहिणारा एखादा इंदूरकर भाऊबंद निघेलच. आणि आज संध्याकाळी एक फोन घ्या. पैसे देणाऱ्याला पाडव्याची तिथी सांगा.

प्रश्न : मी कोल्हापूरला शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. ‘चुकले तरी चालते’ असे तुम्ही लोक सांगता, पण आमच्याकडे ‘चालेल’ म्हणून चालत नाही. तीच शिस्त मी घरीही ठेवते. अलीकडे मात्र घरात एखादी कपबशी फुटली की मुले तुकडे लपवून ठेवतात, म्हणून हे पत्र लिहिले.

उत्तर : शस्त्रक्रियागृहात ‘चालेल’ चालत नाही, हे अगदी खरे आहे. परंतु तुमची तिथली शिस्त कशावर उभी आहे, ते एकदा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी सूची तयार केली : काही मुद्दे भूल देण्यापूर्वीचे, काही छेद घेण्यापूर्वीचे आणि काही रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वीचे. आठ देशांतील आठ रुग्णालयांमध्ये, ज्यांत दिल्लीचेही एक होते, ती वापरून पाहिली असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही सूची कोणाही माणसाकडून बिनचूकपणाची अपेक्षा करत नाही. उत्तम शल्यचिकित्सकही विसरतो, उत्तम परिचारिकेचीही नजर चुकते, असे गृहीत धरूनच ती लिहिली आहे. छेदापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, असाही एक मुद्दा तिच्यात आहे, कारण एकदा तोंड उघडलेला कनिष्ठ माणूस पुढे काही खटकले तर बोलण्याची शक्यता वाढते. म्हणजे चूक झाली तर ती लपू नये, याची ही तजवीज आहे.

तुमच्या घरी मात्र याच्या नेमके उलट घडते आहे. कामावरची शिस्त तुम्ही घरी आणली आहे, असे तुम्हाला वाटते; प्रत्यक्षात तिचा अर्धाच भाग घरी आला आहे. जखम शिवण्यापूर्वी कापडी पट्ट्यांची मोजणी जुळली नाही, तर तुम्ही कोणावर ओरडता का? मोजणी जुळत नाही असे मोठ्याने सांगता, शिवणे थांबते आणि सगळे मिळून शोधतात. कोणाची चूक होती, हा विषय नंतर निघतो. पुढच्या वेळी कपबशी फुटल्याचा आवाज आला तर आधी सर्वांना पायांत चपला घालायला सांगा, मग तुकडे मोजून उचला, अगदी ओट्याखालचाही.